व्हिपेहोल्मचे दात

साखरेने दात किडतात हे आज पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असते. "गोड कमी खा, खाल्ल्यावर खळखळून चूळ भर," हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेले असते आणि मोठेपणी तेच दुसऱ्यांना ऐकवतो. दिवाळीच्या चार दिवसांत तर घराघरांत त्याचा गजर चालतो. आणि ज्या तोंडातून तो उपदेश येतो त्या तोंडात बहुधा अर्धा रव्याचा लाडू असतो. पण हे ज्ञान इतके अंगवळणी पडले आहे की ते कोणाकडून आले, कसे आले, कोणाच्या दातांवर ते पारखून घेतले गेले, असे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. पाऊस ढगांतून पडतो तसे हेही कुठून तरी आले असेल, असे आपण धरून चालतो.

ते स्वीडनमधल्या एका इस्पितळातून आले. इस्पितळाचे नाव व्हिपेहोल्म. दक्षिण स्वीडनमध्ये लुंड नावाचे जुने विद्यापीठाचे गाव आहे, त्याच्या कडेला हे इस्पितळ होते. दंतवैद्यक शिकणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे नाव पाठ करावे लागते. माझा एक जुना विद्यार्थी हा अभ्यास करतो; त्याच्या पुस्तकात मी ते प्रथम वाचले. अर्धे पान मजकूर, एक कोष्टक, आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न म्हणून समासात त्याने काढलेली चांदणी. मी वैद्यकातला माणूस नव्हे. मॅट्रिकपलीकडे शाळेची पायरी मी चढलो ती शिकवण्यासाठीच. पण कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. कोष्टकात "व्यक्तींची संख्या" असे छापले की त्या व्यक्ती कोण, हे त्याला विचारावेसे वाटते. तिथून हा शोध सुरू झाला.

१९३०च्या आसपासचा स्वीडन म्हणजे आजचा सुखवस्तू, नीटनेटका देश नव्हे. दातांच्या बाबतीत तर तो देश पार मोडकळीला आलेला होता. सैन्यात भरती व्हायला येणाऱ्या तरुणांत एकही दात किडलेला नाही असा गडी जवळजवळ सापडत नसे. १९३८ साली तिथल्या संसदेने सरकारी दंतसेवा उभारायचे ठरवले. खेड्यापाड्यांतल्या मुलांचे दात सरकारी खर्चाने तपासायचे, भरायचे, अशी ही थोर योजना होती. पण काम सुरू झाले तेव्हा एक हिशेब अधिकाऱ्यांच्या ध्यानात आला. दंतवैद्य थोडे, किडके दात अगणित. एक भरून होतो न होतो तोवर शेजारचे दोन किडतात. गळक्या घागरीत पाणी ओतण्यासारखाच हा प्रकार. तेव्हा घागरीचे भोक कुठे आहे तेच शोधले पाहिजे, असे ठरले.

भोक कुठे, यावर विद्वानांत एकमत नव्हते. बर्लिनमध्ये राहणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० सालीच लिहून ठेवले होते की तोंडातले सूक्ष्म जंतू पिष्ट आणि साखर आंबवतात, त्यातून आम्ल होते आणि ते दाताचे कवच खाते. आज आपण हेच शिकवतो. पण त्या काळी याला मोठे विरोधक होते. कोणी म्हणे, दात आतून कमजोर घडतो म्हणून किडतो; जीवनसत्त्वे द्या, चुना द्या, दूध द्या. कोणी म्हणे, सगळा दोष न घासण्याचा. साखरेवर संशय पुष्कळांचा होता, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आणि साखर हे काही एकट्यादुकट्याचे प्रकरण नव्हते. स्वीडनच्या दक्षिण भागात बीटची शेती आणि साखरेचे कारखाने होते. साखरेला नावे ठेवायची तर हातात पक्का कागद पाहिजे होता. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या बाजूला उभे राहून साखरेविरुद्ध बोलायचे म्हणजे काय, हे वाचकांना निराळे सांगायला नको.

म्हणून १९४५ साली सरकारच्या वैद्यक मंडळाच्या आश्रयाने एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. आरंभी तो जीवनसत्त्वांचा आणि क्षारांचा होता. त्यातून फारसे काही निघाले नाही. १९४७ साली प्रयोगाची दिशा बदलली आणि साखर पुढे आली. पैसा सरकारचा होता आणि साखर, मिठाई, चॉकलेट यांच्या कारखानदारांनीही काही भार उचलला होता. आता असा प्रयोग करायचा तर माणसे कशी हवीत? वर्षानुवर्षे एका जागी राहणारी, एकाच स्वयंपाकघरातले जेवणारी, बाहेरून चोरून काही न आणणारी, आणि कंटाळा आला म्हणून मध्येच उठून न जाणारी. शाळेतली मुले चालत नाहीत, सैनिक चालत नाहीत, तुरुंगातला कैदीसुद्धा एक ना एक दिवस सुटतो. व्हिपेहोल्ममधली माणसे मात्र सुटत नसत.

हे इस्पितळ १९३५ साली सुरू झाले. सुमारे हजार माणसे तिथे राहत. आज आपण ज्यांना बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती म्हणतो, काल ज्यांना मतिमंद म्हणत होतो आणि परवा ज्यांना सरळ वेडे म्हणून मोकळे होत होतो, ती ही माणसे. आणि त्यातलीही सर्वांत खालच्या पायरीची. स्वीडिश भाषेत त्यांच्यासाठी एक शब्द होता, "उबिल्डबार". त्याचा अर्थ "ज्याला घडवता येत नाही असा". शिकवता न येणारा. १९४४ साली स्वीडनने एक कायदा केला आणि मंदबुद्धीच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. कायदा त्या काळाच्या मानाने पुढारलेला होता; पण त्याच्या दारावर एक पाटी होती. ज्यांना शिकवता येते त्यांनाच आत प्रवेश. उरलेल्यांसाठी व्हिपेहोल्म.

पंधरा-सोळा वर्षे मी वर्गात उभा आहे. "ढ" हे अक्षर विद्यार्थ्याचे विशेषण म्हणून कसे वापरतात हे मी शिक्षकांच्या खोलीत रोज ऐकतो. पण "याला शिकवता येत नाही" हे वाक्य सरकारी शिक्क्यानिशी, कायमचे, एखाद्या माणसाच्या नावापुढे लिहिलेले असते, याची कल्पना मला नव्हती. या शब्दाची गंमत अशी की तो बोलतो विद्यार्थ्याबद्दल आणि सांगतो शिक्षकाबद्दल. कोणी शिकवून पाहिले होते का? किती दिवस? काय शिकवले? हे प्रश्न त्या शब्दापाशी येऊन थांबत. आणि हाच शब्द प्रयोगकर्त्यांना सोयीचा ठरला. ज्याला शिकवता येत नाही त्याला विचारायचे काय आणि सांगायचे काय! रुग्णांची संमती घेतली गेली नाही. आपल्या दातांचे काय चालले आहे हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही.

प्रयोगाच्या साखरेच्या टप्प्यात ४३६ माणसे होती. त्यांचे वेगवेगळे गट पाडले. एका गटाला जेवणाबरोबर साखरेचे पाणी. एका गटाला गोड पाव. एका गटाला दोन जेवणांच्या मध्ये चॉकलेट. एकाला कॅरमेल. एका गटाला दिवसाला आठ टॉफ्या, आणि एका गटाला चोवीस. शिवाय तुलनेसाठी एक गट, त्याला जेवणांच्या मध्ये गोड काहीच नाही. टॉफ्या बाजारातल्या नव्हत्या. प्रयोगासाठी मुद्दाम करवून घेतलेल्या, मोठ्या आणि चिकट, दाताला धरून बसतील अशा.

चोवीस टॉफ्या. इथे माझ्यातला कादंबरीकार थांबतो. जागेपणाचे तास सोळा धरले तरी दर चाळीस मिनिटांना एक टॉफी होते. लांबच लांब दालन, ओळीने खाटा, उत्तरेकडचा तो फिकट उजेड, आणि पांढऱ्या टोपीतली परिचारिका कागद सोडवून एकेकाच्या तोंडात टॉफी घालते आहे, असे चित्र मी मनाशी उभे करतो. ते माझे आहे, कागदपत्रातले नव्हे, हे सांगून ठेवतो. पण या चित्रात मला खरा त्रास देणारी गोष्ट वेगळीच आहे. ती माणसे टॉफीला नको म्हणत नसतील. युद्ध नुकतेच संपलेले, इस्पितळातले जेवण ते इस्पितळातले जेवण, आणि नातेवाईक क्वचित फिरकणार. अशा ठिकाणी दिवसातून चोवीस वेळा कोणीतरी जवळ येते आणि हातात गोड काहीतरी ठेवते. त्यांनी हात पुढे केला असेल. हसलेही असतील. ज्याला आपण क्रूरपणा म्हणू तो तिथे खाऊच्या रूपाने आला होता, आणि तोही सालसपणाने, वेळापत्रकाप्रमाणे.

मग दात दुखू लागले असतील. दातदुखी काय चीज आहे हे ज्याने एक रात्र काढली आहे त्याला विचारावे. आपण गालाला हात लावून घरभर फिरतो, लवंग दाबून धरतो, बायकोवर खेकसतो, सकाळी दवाखान्याच्या दारात पहिला नंबर लावतो. आता समजा की "दात" हा शब्द येत नाही. "दुखतो" हाही येत नाही. दुखणे डोक्यात आहे की जबड्यात की सगळ्या जगात, हेही कळत नाही. मग माणूस डोके भिंतीवर आपटतो. जेवणाचे ताट भिरकावतो. स्वतःच्या हाताला चावतो. अशा मुलांबरोबर काम करणारे जाणते लोक आज सांगतात की चांगला शांत असलेला मुलगा एकाएकी आक्रस्ताळा झाला, जेवेनासा झाला, तर आधी त्याचे तोंड उघडून पाहा. पण "हा हिंसक झाला" अशी नोंद करून त्याला बांधून ठेवणे सोपे असते, आणि पुष्कळ ठिकाणी तेच झाले आहे.

प्रयोगाचे निष्कर्ष १९५४ साली बेंगट गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दंतवैद्यकाच्या एका स्कँडिनेव्हियन नियतकालिकात छापले. सुमारे ५० माणसांचे दात पुरते नासले होते. आणि निष्कर्ष? ते इतके स्पष्ट होते की मानावेच लागतात. साखर किती खाल्ली यापेक्षा ती केव्हा आणि कितीदा खाल्ली, आणि दाताला किती वेळ चिकटून राहिली, याला महत्त्व जास्त. जेवणाबरोबर साखरेचे पाणी भरपूर प्यायलेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी चघळणाऱ्यांचे मात्र भराभर किडत गेले. टॉफी बंद केली की नव्या किडीचा वेगही उतरला. आणि काही थोडी माणसे अशी निघाली की इतके करूनही त्यांच्या दाताला काही झाले नाही. निसर्ग सगळीच गणिते उलगडून दाखवत नाही.

यामागची क्रिया साधी आहे. गोड घास तोंडात गेला की जंतू त्यातून आम्ल तयार करतात आणि दातावरच्या लेपातला आंबटपणा काही मिनिटांत वाढतो. त्या आंबटपणात दाताच्या कवचातले क्षार विरघळू लागतात. मग लाळ आपले काम करते. ती आम्ल धुऊन काढते, मारते, आणि गेलेले क्षार थोडेथोडे परत आणून बसवते. याला अर्धा-पाऊण तास लागतो. दिवसातून दोन-तीनदा असे झाले तर लाळेला सवड मिळते. चोवीस वेळा झाले तर एक पूर उतरायच्या आत दुसरा चढतो. लाडू चार खा, पण एका बैठकीत खा. डबा उघडा ठेवून येताजाता तोंडात टाकू नका, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ. स्वीडनच्या आयांनी तो बरोबर उचलला. मुलांना गोळ्या-चॉकलेटे आठवड्यातून एकदाच, शनिवारी द्यायची, असा रिवाज तिथे पडला. शनिवारचा खाऊ! आजही स्वीडनमधली मुले शनिवारी कागदी पिशव्या घेऊन दुकानात जातात आणि रंगीबेरंगी गोळ्या भरून आणतात. पुढे फ्लोराईड आले, शाळांतून चुळा भरवल्या जाऊ लागल्या, दंतसेवा वाढली, आणि ज्या देशात निरोगी दाताचा तरुण मिळत नव्हता तिथली मुले जगात उत्तम दातांची म्हणून गणली जाऊ लागली.

आता आपण या प्रकरणाला काय म्हणायचे? "त्या काळी असेच चालायचे" हे उत्तर मला पटत नाही, कारण त्याच काळी दुसरेही काही चालले होते. न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने छळछावण्यांत माणसांवर प्रयोग करणाऱ्या जर्मन डॉक्टरांना शिक्षा सुनावल्या त्या १९४७च्या ऑगस्टमध्ये. आणि त्या निकालात लिहून ठेवले की माणसावर प्रयोग करायचा तर त्याची स्वतःची, समजून दिलेली संमती ही पहिली अट. व्हिपेहोल्ममध्ये साखरेचा टप्पा सुरू झाला तोही १९४७ सालीच. स्वीडनमधले ते डॉक्टर राक्षस नव्हते. त्यांना देशाच्या मुलांचे दात वाचवायचे होते. न्यूरेंबर्गचा निकाल आपल्याविषयी आहे असे त्यांना वाटलेच नसेल, कारण तो दुष्टांसाठी होता आणि हे तर सज्जन होते. त्या प्रयोगात उमेदीच्या वयात काम केलेले बू क्रासे हे नंतर दंतवैद्यकातले मोठे संशोधक झाले. त्यांनी २००१ साली, पन्नास वर्षांनी मागे वळून, या साऱ्या आठवणी लिहिल्या. इतक्या वर्षांनी का होईना, लिहाव्याशा वाटल्या, याला मी किंमत देतो.

आणि स्वीडनला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणेही बरोबर नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड शाळेत १९४६ ते १९५३ या काळात मुलांना किरणोत्सारी द्रव्य मिसळलेली ओटची लापशी खायला घातली. त्यासाठी "विज्ञान मंडळ" नावाचा एक क्लब काढला होता, आणि त्याचे सभासद झाल्याचा त्या मुलांना अभिमान वाटे. न्यूयॉर्कच्या विलोब्रुकमध्ये १९५६पासून मतिमंद मुलांना काविळीची लागण मुद्दाम करवली गेली. जिथे जिथे माणसे भिंतीआड ठेवली गेली आणि त्यांच्यातर्फे बोलणारे कोणी नव्हते, तिथे तिथे संशोधकाला ती "सोयीची" वाटली.

मग हे ज्ञान दुसऱ्या रीतीने मिळालेच नसते का? थोडेफार मिळत होते. ऑस्ट्रेलियात बौरल गावी होपवूड हाऊस नावाचा एक अनाथाश्रम १९४२ साली निघाला. तिथल्या मुलांना साधे शाकाहारी अन्न मिळे, साखर जवळजवळ नाहीच. त्या मुलांचे दात आश्चर्य वाटावे इतके चांगले निघाले, आणि ती वाढून बाहेरचे खाऊ लागली तसे बिघडू लागले. कोणाला काही चारले नाही, नुसते पाहिले. युद्धात नॉर्वेमध्ये, जपानमध्ये साखर मिळेनाशी झाली तेव्हा तिथल्या मुलांच्या दातांची कीड कमी झाल्याचे दिसले. पण खरे बोलायचे तर या पाहण्यातून "कितीदा" आणि "किती" यांची फोड झाली नसती; ती व्हिपेहोल्मने केली. पुढे १९७२ साली फिनलंडमधल्या तुर्कू शहरात झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाचा दोन वर्षांचा प्रयोग झाला. त्यातली सव्वाशे माणसे मात्र आपल्या खुशीने आलेली होती. म्हणजे विचारले तर माणसे येतात. थोडी येतात, उशिरा येतात, मध्येच सोडून जातात, हिशेब मनासारखा जमत नाही. पण येतात. मग व्हिपेहोल्मच्या ज्ञानाचे काय करायचे? ते खोटे नाही, टाकून देता येत नाही. मी माझ्या वर्गात ते सांगतो. फक्त हल्ली सांगताना त्या गावाचे नावही सांगतो.

लुंडचे ते इस्पितळ १९८२ साली बंद झाले. २००६ साली एलिन बूम्मेनेल या संशोधिकेने जुन्या दप्तरांतून सगळे शोधून या साखर-प्रयोगावर प्रबंध लिहिला, तेव्हा स्वीडनमधल्या पुष्कळ लोकांना शनिवारच्या खाऊमागची गोष्ट कळली. इस्पितळाच्या जागेत आता एक मोठी शाळा आहे.

पण माझ्या लेखाचा विषय प्रयोग एवढाच नाही. मला छळतो तो प्रश्न असा: ज्यांच्या दातांनी जगाला धडा शिकवला त्यांना तो धडा केव्हा मिळाला? सारा स्वीडन दात घासू लागला. व्हिपेहोल्मच्या दालनातल्या माणसाच्या हातात ब्रश कोणी दिला? "शिकवता न येणारे" हा शब्द कायद्यातून गेला तो १९६७च्या नव्या कायद्याने. त्या कायद्याने सर्वांत खालच्या पायरीवरच्या मुलालाही शिक्षणाचा हक्क दिला. बेंगट निर्ये नावाच्या एका स्वीडिश गृहस्थाने याच सुमारास मांडले की या माणसांना इतरांसारखा दिवस मिळाला पाहिजे. सकाळी उठणे, तोंड धुणे, कपडे घालणे, कामाला जाणे, सुटीची वाट पाहणे. वाचायला किती साधे! पण ज्याला कधीही, कुठेही, गाऊनवरच जेवू घालतात, त्याच्या आयुष्यात "सकाळ" नावाची वस्तूच नसते.

आणि शिकवता येते का, याचे उत्तर दातांच्याच संदर्भात मिळाले, ही मला योग्य गोष्ट वाटते. १९७५ साली अमेरिकेत हॉर्नर आणि कायलिट्झ या दोघांनी आठ मतिमंद किशोरवयीन मुलांना दात घासायला शिकवले आणि त्यावर निबंध लिहिला. मी तो शिक्षक म्हणून वाचला आणि थक्क झालो. त्यांनी दात घासण्याचे पंधरा तुकडे केले. ब्रश उचलून नीट धरणे, हा पहिला. तो ओला करणे. पेस्टचे टोपण काढणे. ब्रशवर पेस्ट घेणे. टोपण परत लावणे. मग दातांची बाहेरची बाजू घासणे, चावण्याची बाजू घासणे, आतली बाजू घासणे. पेल्यात पाणी घेणे. चूळ भरणे. तोंड पुसणे. ब्रश धुणे. बेसिन धुणे. सामान जागच्या जागी ठेवणे. कचरा टाकणे. संपले.

तुम्ही आम्ही सकाळी डोळे अर्धे मिटून, वर्तमानपत्र आले का याचा विचार करत जे करतो त्यात पंधरा निरनिराळी कामे आहेत! यांतले एखादे अडले की माणूस तिथेच थांबतो आणि बघणारा म्हणतो, "याला दात घासता येत नाहीत." त्याला कदाचित चौदा गोष्टी येत असतात, टोपण तेवढे फिरवता येत नसते. प्रत्येक तुकड्यावर आधी नुसती संधी द्यायची. नाही जमले तर तोंडाने सांगायचे. नाही तर करून दाखवायचे. तेही नाही तर हात हातात धरून करवून घ्यायचे. आणि मग हळूहळू आपला हात काढून घ्यायचा. आठही मुले सुधारली, आणि त्यांतल्या सहांनी सर्वच्या सर्व पायऱ्या बिनचूक करून दाखवल्या. आमच्या बालवर्गाच्या बाई पाटीवर "अ" गिरवून घेतात तेही असेच. मुलाची बोटे आपल्या मुठीत, आणि मूठ रोज थोडी सैल.

आपल्याकडे कोणी कायद्याने असा शब्द ठोकला नव्हता. आपल्याकडे घर होते. मागच्या खोलीतला काका, माजघरातली आत्या. सांभाळले जात, कधी मायेने, कधी लपवून. स्वीडनने १९४४ साली कायदा केला त्याच साली मुंबईत वकील नावाच्या पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी म्हणून जी शाळा सुरू केली ती आज जय वकील शाळा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पुढे पुण्यात, नाशकात, जिल्ह्याजिल्ह्यांत अशा शाळा निघाल्या. २०११च्या जनगणनेत या सदरात सुमारे १५ लाख माणसे मोजली गेली, आणि न मोजलेली किती असतील याचा अंदाज प्रत्येकाने आपल्या आळीवरून करावा.

यांच्या तोंडाची स्थिती मात्र जगभर सारखीच हलाखीची आहे. कीड इतरांहून फार जास्त असतेच असे नाही, पण भरली जात नाही. भरण्याऐवजी दात उपटला जातो. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत दात उशिरा येतात, कीड कधी कधी कमीच असते, पण हिरड्या लवकर जातात आणि धडधाकट दात ऐन तिशीत हलू लागतात. फेफऱ्याच्या एका जुन्या औषधाने हिरड्या फुगून दातांवर चढतात. कित्येक औषधे लाळ सुकवतात. पातळ औषधे तर साखरेच्या पाकातच घोळलेली असतात आणि ती नेमकी निजताना, घासून झाल्यावर, देतात. त्यात आपली माया! अशा मुलाने हट्ट केला की घरातले प्रत्येक माणूस त्याच्या हातावर काहीतरी गोड ठेवते. "त्याला बिचाऱ्याला दुसरे सुख काय आहे?" हे वाक्य मी शंभरदा ऐकले आहे. व्हिपेहोल्मच्या चोवीस टॉफ्या कोणी हिशेबाने दिल्या; आम्ही बेहिशेबी देतो.

आमच्या आळीत एक बाई आहेत. त्यांचा मुलगा आता अठ्ठावीस वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोमचा. त्याची दाढ काढायला दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी त्याला भूल द्यावी लागली आणि त्या भुलीच्या धास्तीने बाई आठ दिवस जेवल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी त्याला दात घासायला शिकवायचे ठरवले. तोवर त्याच घासून देत आणि तो रोज बोट चावे. मी त्यांना ते पंधरा तुकडे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितले, वहीत लिहूनही दिले. त्यांनी वही ठेवून घेतली आणि हसून म्हणाल्या, "मास्तर, ते मी केव्हाच करते. मी पाढे म्हणते."

त्या तिघांच्या चुली एवढ्या मोरीत तो स्टुलावर बसतो आणि आई दारात उभी राहते. बेचा पाढा चालू असेतो बाहेरून घासायचे. तिनाचा लागला की वरून. चाराचा लागला की आतून. "त्याला आकडे येत नाहीत हो," बाई म्हणाल्या, "पण चाल बदलली की त्याला कळतं. बे दाही वीसला तो हात थांबवतो, बघा तुम्ही." मी पाहिले. तो थांबला, ब्रश फिरवून धरला आणि आईकडे बघत राहिला. पहिले सहा महिने त्याचा हात धरून म्हटला, आता नुसता दारातून म्हणते, असे त्यांनी सांगितले.

गेल्या वर्षी त्या भावाच्या बाराव्याला माहेरी गेल्या तेव्हा पाढे म्हणण्याचे काम वडिलांवर आले. त्यांना कामावर जायची घाई होती. बेचा म्हटला, तिनाचा म्हटला आणि ते टॉवेल घेऊन निघाले. पंधरा मिनिटांनी पायात चपला घालताना त्यांनी सहज मोरीत डोकावून पाहिले, तर हा आ वासून, ब्रश तसाच तोंडात धरून, चाराच्या पाढ्याची वाट बघत बसला होता.